बंबनानांचा पट्टा

आमच्या गावात कुनाचं मयत झालं की सरनाला अग्नी देऊन लोक घरी यायचे, आंघोळी करायचे, आन बंबनाना मात्र तिथंच दगडावर बसून राह्यचे. नव्या मानसाला वाटायचं, काय माया हाय या म्हाताऱ्याची, मेलेल्याला सोडवत न्हाई. तसं काय नव्हतं. नाना इस्तू राखत बसायचे. वाऱ्यानं एखादी ठिनगी उडून बाजूच्या कुसळात पडू नये म्हनून. राख गार झाली, तिच्यात हात घालून बघितला, मगच उठायचे. आमच्या वस्तीतली ठकूबाई म्हनायची, "ह्यो बाबा सोताच्या सरनावर बी उठून बसंल आन म्हनंल, आधी कडंचं गवत काढा, मग पेटवा."

खरं नाव यशवंत, पन त्या नावानं त्यांना कुनी हाक मारल्याली मी ऐकली न्हाई. श्रीरामपूरच्या अंगाला एका साखर कारखान्यात ते बंबावर हुते. बंब म्हंजी आग इझवायची गाडी. तिथं उसाचा रस काढून घेतला की मागं भुसा राहतो, त्याचे डोंगरावानी ढीग लागत्यात, आन त्यो भुसा कुनी काडी न लावता आतल्या आत तापतो, पेटतो. त्या ढिगांभवती फिरन्यात नानांची सगळी नोकरी गेली. भुश्याची धूळ छातीत बसली, खोकला जडला तो कायमचा. रिटायर झाले तवा बायको वारल्याली हुती, एकच पोरगी, ती श्रीरामपुरातच दिल्याली. मग नाना एक ट्रंक आन दोन खाकी प्यांटी घेऊन गावातल्या आपल्या घरात येऊन राह्यले.

गावाला आधी गंमत वाटली, मग तरास वाटाया लागला. चहाच्या टपरीवर कुनी बिडी टाकली की नाना उठून ती चपलेनं रगडायचे, थोटूक उचलून बघायचे, पुन्हा रगडायचे. लग्नात पंगतीला बसायचे न्हाईत, आचाऱ्याच्या भट्टीपाशी पान्याची बादली घेऊन बसायचे. एकदा सरपंचांच्या घरी सत्यनारायनाला गेले आन आरती चालू असतानाच पडद्याजवळची समई उचलून बाहेर वट्ट्यावर नेऊन ठिवली. भटजी टाळी थांबवून बघतच राह्यला. सरपंचांची मालकीन म्हनली, "अवो नाना, देवाची समई हाय ती!"

नाना म्हनले, "समई देवाची हाय, पन पडदा नायलॉनचा हाय."

गाव हसायचं. मला तेवढं हसू यायचं न्हाई. माझं घर कुठं हाय ते सांगते, मग कळंल. गावात शिरलं की आधी पेठ, मग शाळा, मग आमचं विहार, विहारामागं आमची वस्ती. वस्तीतलं शेवटचं घर माझं. घरामागं गोठ्याचं छप्पर, आन छपरामागं डोंगर. मधी काय न्हाई. पावसाळ्यात त्या डोंगरावर कंबरंएवढं गवत येतं, दिवाळीनंतर वाळतं, शिमग्यापस्तोर नुसती काडी हुती. कुनी शेताचा बांध पेटवतं, कुनी मध काढून जळता टेंभा तिथंच टाकून येतं, आन वनवा खाली उतरतो.

नाना गावात यायच्या लई आधी असाच एकदा उतरला हुता. दुपारची येळ. आमचे मालक गाय सोडवाया छपरात शिरले. दाव्याची गाठ आवळलेली, सुटंना. गाय गेली. मालक वाचले, पन दोन्ही हातांची बोटं एकमेकाला चिकटली, पुन्हा कुदळ धरता आली न्हाई. मग मी रोजगार हमीवर खडी फोडली, ऊसतोडीच्या टोळीत गेले, ल्योक वाढवला. मालक पुढं बरीच वर्सं जगले. मी घास करून भरवायचे. त्यांना लाज वाटायची, मी म्हनायचे, खा गुमान. एक दिवस गेले. रडून गाय बी परत येत न्हाई आन मानूस बी. पन गाय पुन्हा दारात बांधायचं धाडस मला झालं न्हाई. दोन शेरडं ठिवली. शेरडू काय, उचलून पळता येतं.

नाना माझ्या दारी पहिल्यांदा आले ते न इचारताच. ल्योक म्हैस घ्यायचं म्हनत हुता, त्यानं आधीच कडबा आनून रचला हुता. मी शेरडाला पाला टाकत हुते, वळून बघते तर एक म्हातारा आमच्या कडब्याच्या गंजीत खांद्यापस्तोर हात घालून उभा.

"ओ बाबा! काय काढताय त्यातनं?"

"काढत न्हाई, बघतोय."

"कडब्यात काय बघायचंय? कवा बघितला न्हाई का कडबा?"

"ताप बघतोय. हिला ताप आलाय."

मला वाटलं, मानूस कामातनं गेलाय. मी म्हनलं, "मग डाक्टरला बोलवू का?"

"बोलव न्हाईतर नको बोलवू. ओला कडबा रचलाय तुमी. आतनं शिजतोय. घाल हात."

मी हात घातला. तव्यावरनं नुकत्याच काढलेल्या भाकरीवानी गरम. सून आन मी, दोघींनी पेंढ्या उपसल्या, तर आतनं वाफ निघाली, काळपट वास आला. नाना कडंला बसून खोकत हुते. सगळं उपसून झालं तवा म्हनले, "आता चहा ठिव. साखर जरा जास्त घाल, कारखान्याचा मानूस हाय." आमच्या वस्तीत गावातला मानूस असा हक्कानं चहा मागत न्हाई. नानांनी मागितला, बशीत वतून पिला, बशी सोता इसळून पालथी घातली, आन जाताना चुलीत डोकावून बघितलं.

त्याच साली नानांनी ग्रामसभेत इषय काढला. डोंगराच्या पायथ्यानं, गावाच्या या टोकापासनं त्या टोकापस्तोर, बैलगाडी वळंल एवढा रुंद पट्टा शिमग्याच्या आत साफ करायचा. गवत, तरवड, घानेरी, समदं काढून माती उघडी करायची. डोंगर पेटला तरी आग पट्ट्यापाशी यावी आन तिला खायाला काय मिळू नये.

सरपंच म्हंजी आबा. मानूस वाईट न्हाई, पन खुर्चीत बसला की खुर्चीसारखाच. आबा म्हनले, "इचार चांगला हाय. वस्तीच्या लोकांनी काढावा पट्टा. त्यांचीच घरं तिकडं हायेत."

लोकांनी माना हलवल्या. आमी मागं चटईवर बसलो हुतो. आमच्यातलं कुनी बोललं न्हाई. बोलून काय व्हनार ते ठाव हुतं.

नाना उठले. आधी खोकले. मग म्हनले, "आबा, तुमचा ऊस कुठं हाय?"

"इहिरीवर."

"इहीर वस्तीच्या खाली ना?"

"व्हय."

"मग वनवा वस्ती खाऊन ढेकर दिऊन माघारी जानार हाय का? त्यो म्हननार, अजून खाली पाचट दिसतंय. मग तुमी मलाच फोन करनार, नाना, बंब बोलवा. बंब येनार तालुक्यावरनं. त्यो येईपस्तोर तुमच्या उसाचा उभ्या उभ्या गूळ झालेला असंल."

सभा हसली. आबा बी हसले, पन हसता हसता डोकं खाजवाया लागले. ठराव झाला. घरटी वाटा. पेठेतल्याला वाटा, मळ्यातल्याला वाटा, वस्तीला बी तेवढाच वाटा, कमी न्हाई, जास्त न्हाई.

कुनीतरी इचारलं, "न्हाई काढला तर दंड किती?"

"पैशाचा दंड नको," नाना म्हनले. "पैसेवाला दंड भरतो आन गवत तसंच ठिवतो. ज्याचा वाटा राहील त्यानं शिमग्याला दिवसभर पट्ट्यावर पान्याचा ड्रम घिऊन बसायचं. पोळी तिथंच खायची. गार."

आता आमच्याकडं शिमग्याची पुरनपोळी म्हंजी काय ते तुमाला सांगाया नको. तव्यावरची ऊन पोळी, वर तूप, कटाची आमटी. ती सोडून मानूस रानात ड्रमापाशी बसंल का? लोकांनी भराभरा इळे काढले. पहिल्या साली एकाच मानसाचा वाटा राह्यला. आबांचा.

आबांनी गडी पाठवला. नानांनी गड्याला माघारी धाडला. "गड्यानं पोळी खाल्ली तर आबाचं पोट भरतं का? जा, धन्याला सांग." मग आबा आले. छत्री, खुर्ची, डोक्याला उपरनं. त्या दिवशी गावातल्या बायांना डोंगराकडं एवढं काम निघालं म्हनता! कुनाचं शेरडू हरवलं, कुनाला सरपान आठवलं. आबा सगळ्यांना म्हनायचे, "बघा, बघा, फुकट हाय." पन नाना काय घरी बसले न्हाईत. ते बी आबांच्या संगं दिवसभर तिथंच बसले आन गार पोळी गुळवनी न घेता खाल्ली. सांजच्याला दोघं हसत हसत खाली आले. आबांनी त्या दिवसानंतर नानांना कवा आडवं लावलं न्हाई.

पट्टा तर झाला. आता आपल्या लोकांची एक खोड सांगते. मोकळी, साफ, सारवल्यावानी जागा दिसली की बाईमानसाचे हात शिवशिवत्यात. काहीतरी वाळत घालावं वाटतं. दुसऱ्या साली सगळ्यांनी वाटे कापले, आन कापलेलं गवत तिथंच पसरून ठिवलं. वाळंल, मग नेऊ. एवढं चांगलं गवत कोन टाकतं? कुनी तुराट्या आनून टाकल्या, कुनी भुईमुगाचे वेल, पेठेतल्या एका बाईनं तर लुगडं पसरून त्याच्यावर कुरडया घातल्या. सगळ्यांनी नियम पाळला हुता. पट्टा कापला हुता. आन या टोकापासनं त्या टोकापस्तोर वाळली काडी पसरून ठिवली हुती.

नाना सकाळी आले. मला वाटलं आता वरडतील. ते वरडले न्हाईत. माझ्या छपरामागच्या दगडावर बसले, गुडघ्यावर हात ठिवून.

मी म्हनलं, "नाना, काय झालं?"

"सोनाबाई, ह्यांनी वनव्याला पायघड्या घातल्यात गं."

कुनाला बोलायचं? चूक कुनाचीच नव्हती. दोन-चार दिवस नाना घरातनं निघाले न्हाईत. ठकूबाई म्हनली, म्हातारं आता खचलं. पन ते खचलं नव्हतं, इचार करत बसलं हुतं. मग ग्रामसभेत गेले आन म्हनले, "एक कलम वाढवा. ज्या दिवशी गवत कापलं त्या दिवशी जो ते उचलून नेईल, गवत त्याचं. वाटा कुनाचा का असंना."

एक मळेवाला ताडकन उठला. "म्हंजी कापायचं आमी आन न्यायचं वस्तीनं?"

"मग तू ने की. आजच्या आज. डोक्यावर. चल, मी भारा चढवाया येतो."

मळेवाला बसला.

हे कलम आमाला काय हुतं ते जमीनवाल्याला कळायचं न्हाई. आमाला ना बांध, ना शेत. गवताची पेंढी आनायची तर दुसऱ्याच्या बांधावर चोरासारखं वाकायचं आन शिव्या खायच्या. त्या सालापासनं आमी बाया पट्ट्यावर जायचो, ताठ मानंनं भारे बांधायचो, सांजच्याला पट्ट्यावर काडी शिल्लक राह्यची न्हाई. कोन ठिवंल? खायाचं गवत ते! कुरडयावालीला मात्र नानांनी माफ केलं. म्हनले, "कुरडयांना राहू द्या. वनवा आला तर तळून तरी मिळतील."

दोन-तीन सालं असं गवत घरात आलं आन मला धीर आला. ल्योकानं कर्जतच्या बाजारातनं गाय आनली. तांबडी, कपाळावर चांदनी. इतक्या वर्सांनी माझ्या दावनीला गाय. पहिल्या दिवशी मी दाव्याला गाठ मारताना हात थांबला. मग सरकगाठ मारली, वढली की सुटनारी. नानांनी येऊन ती गाठ वढून बघितली. सुटली. पुन्हा तशीच बांधली.

पन पट्ट्यात एक खोट राह्यली हुती, आन ती बराबर माझ्या छपराच्या वरच्या अंगाला. तिथं म्हसोबाचा दगड हाय. शेंदूर लावलेला, वर दोन चांदीचे डोळे. त्याच्याभवती मोठी थोरली जाळी, घानेरी, तरवड, आन मानूस लपंल एवढं गवत. तिला कुनी इळा लावायचा न्हाई. म्हनं पूर्वी कुनीतरी तिथली फांदी तोडली आन त्याचा बैल बसला तो उठलाच न्हाई. ज्याच्या वाट्यात ती जागा आली तो सगळं कापायचा आन तेवढं सोडायचा. गावाशी भांडनारे नाना त्या जागी आले की खाली बघायचे. त्या मानसाला दोनच भ्यां हुती, एक आगीचं आन एक म्हसोबाचं.

त्या साली गाय गाभन हुती, दिवस भरत आले हुते. फाल्गुनाचं ऊन चढलं हुतं. नाना माझ्या दारात येऊन उभे राह्यले. बसंनात, चहा बी मागंनात.

"सोनाबाई, एक इचारू का?"

"इचारा की."

"तुमच्यात म्हसोबा मानत्यात का गं?"

"न्हाई. धर्म बदलला तवाच आमच्या सासऱ्यांनी समदे देव नदीत सोडले."

"मग तुला त्याचं भ्या न्हाई?"

"मला वाऱ्याचं भ्या हाय."

"मग... तेवढी जाळी कापशील का?"

मला राग आला. खरं सांगते, आला. मी म्हनलं, "नाना, जे काम कुनाला नको ते वस्तीच्या गळ्यात, हे काय नवं हाय का? तुमी आगीत शिरलेला मानूस. तुमी का न्हाई कापत?"

नाना म्हनले, "आगीला डोळे नसत्यात. त्याला हायेत."

मग खाली बघत म्हनले, "तू बोलली ते खरं हाय. गळ्यातच घालतोय. पन मी तुला एकलीला पाठवत न्हाई. मी संगं येतो. काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे."

भरल्या दुपारी, गाव पडलेलं असतं तवा आमी गेलो. मी कापाया लागले. नाना टोपी काढून, दगडापुढं हात जोडून उभे राह्यले, आन मोठ्यानं बोलाया लागले, "देवा, ही तुझ्यातली न्हाई, हिला काय ठाव न्हाई. मी सांगितलंय. काय करायचं ते मला कर. पन खोकला मला आधीचाच हाय, त्यो ह्यात धरू नको."

मला हसू आवरंना. इळा चालंना. "नाना, गप बसा, न्हाईतर माझं बोट जाईल."

"तू काप गं. मी सांभाळतोय त्याला."

आत शिरले तर जाळीत काय निघावं? दारूच्या बाटल्या. लई बाटल्या. पत्त्यांचा कॅट. कुनाचीतरी चप्पल. मी एकेक बाटली काढून नानांपुढं मांडली. "बघा. कापायला भ्या वाटतं, प्यायला न्हाई वाटत."

नाना बाटल्यांकडं बघत राह्यले आन मग असे हसले, असे हसले, की खोकल्यानं खालीच बसले. मला वाटलं म्हसोबानं खरंच धरलं.

दुसऱ्या दिवशी गावात गलका झाला. म्हसोबा उघडा पडला! आबांनी इचारलं, कुनी केलं? नाना म्हनले, "मी." माझ्याकडं बघितलं सुदीक न्हाई. मग गाव वाट बघाया लागलं की नानांना काय हुतंय. रोज सकाळी टपरीवर इचारायचे, "नाना, बरं हाय ना? ताप-बीप?" नाना म्हनायचे, बरं हाय. पन ते सोता बी वाट बघत हुते. एकदा पायाला काटा रुतला तर माझ्याकडं येऊन म्हनले, "सोनाबाई, हे त्याचं असंल का? एवढ्यावर भागलं तर बरं."

शिमगा चार दिसांवर आला आन डोंगर पेटला. दुपारीच. आधी माथ्यावर धुराची रेघ, मग वारा फिरला आन रेघ खाली वाकली. मोबाईलवर मोबाईल वाजाया लागले. सून पोराला काखोटीला मारून आली, "आत्या, चला!"

मी छपरात गेले. दावं आधी सोडलं. एका हिसक्यात सुटलं. पन गाय उठंना. कळा सुरू झाल्या हुत्या. मान टाकून बसली हुती, डोळे मोठे केलेले. मी म्हनलं, "तू जा पोराला घिऊन. मी हाय हिच्यापाशी." सून रडाया लागली. मी म्हनलं, "जा म्हनलं ना."

छपराच्या मागल्या बाजूनं मला पट्टा दिसत हुता. सगळं गाव आलं हुतं. पेठेतलं, मळ्यातलं, वस्तीतलं, वली पोती घिऊन. नाना मधी उभे, तोंडाला वलं उपरनं गुंडाळल्यालं. धूर त्यांच्या छातीला चालत न्हाई हे सगळ्यांना ठाव हुतं. कुनी म्हनलं, नाना, तुमी मागं व्हा. ते काय हलले न्हाईत. खोकत खोकत एकच वरडत हुते, "जाळाकडं बघू नका! त्यो आपला न्हाई! आपली ठिनगी! ठिनगी कुठं पडती ते बघा!"

जाळ आला. त्याचा आवाज मी आधी ऐकला हुता, तोच. वाळल्या शेंगा तुडवल्यावानी. म्हसोबाच्या वरच्या अंगानं खाली आला, मानसाच्या वर उंच. मी गायीच्या मानंवर हात ठिवला आन बघत राह्यले. पळायचं मनातनं गेलंच हुतं.

जाळ पट्ट्यापाशी आला आन वाकला. खरंच वाकला. इकडं तोंड केलं, तिकडं केलं. म्हसोबाभवती उघडी माती, पट्ट्यावर उघडी माती. मग दमलेल्या मानसावानी खाली बसला. कडंकडंनं धुमसत राह्यला. ठिनग्या आल्या, त्या लोकांनी पोत्यांनी मारल्या. एक ठिनगी माझ्या छपरावर पडली. मी वर बघते तर कुनीतरी वर चढलंय आन वलं पोतं आपटतंय. पाचट माझ्या डोक्यावर पडतंय.

"कोन हाय रं वर?" मी वरडले.

"आबा हाय!" वरनं आवाज आला. "सोनाबाई, छप्पर लई कच्चं हाय गं तुझं!"

"मग उतरा की, मोडंल!"

सांज व्हायच्या आत कालवड झाली. तांबडीच. उभी राह्यली, पडली, पुन्हा उभी राह्यली. मी तिथंच वैरनीवर बसले आन तिचं अंग चोळून कोरडं केलं.

बाहेर गाव नाचायचंच राह्यलं हुतं. "म्हसोबानं तारलं! म्हसोबापाशी आली आन थांबली! सोता डोळ्यांनी बघितलं!" कुनी नारळ आनला, कुनी गुलाल आनला. मी बाहेर आले, तोंड उघडनार तेवढ्यात नानांनी हात वर केला. राखेनं काळं तोंड, डोळे लाल.

"राहू दे. त्याचं नाव होऊ दे. तुझी गाय?"

"याली. कालवड हाय."

"मग बास की." मग जरा जवळ येऊन हळूच म्हनले, "आन बघ, त्यानं मनावर घेतलं न्हाई. माफ केलं आपल्याला."

माझा देव न्हाई त्यो. पन त्या मानसाच्या तोंडावरचं वझं उतरल्यालं मी बघितलं, ते कशाला पुन्हा चढवू?

त्या धुरानं नानांचं छातीचं दुखनं वाढलं असं पोरीचं म्हननं. पावसाळ्यात ती आली आन नानांना श्रीरामपूरला घिऊन गेली. तिकडंच ते गेले, पुढल्या उन्हाळ्यात. त्याच्या आधी एकदाच दिसले. दिवाळी होऊन गेली हुती, गवत पिवळं पडलं हुतं. आमी सगळे पट्ट्यावर हुतो. कुनी दवंडी दिली न्हाई, नोटीस लावली न्हाई, आबा म्हनले उद्या, आन लोक इळे घिऊन आले. आता गावात असं ठरलंय की म्हसोबाला जाळी आवडत न्हाई, साफ जागा आवडती. म्हनून पहिला इळा त्याच्यापाशीच चालवत्यात. आबांची मालकीन नारळ फोडती आन आबा तिथलं गवत कापत्यात, उपरनं बांधून.

रस्त्यावर जीप थांबली. मागच्या काचेतनं कुनीतरी हात हलवला. मी इळा घिऊनच गेले. नाना उशीला टेकून बसले हुते. मफलरमधी तोंड एवढंसं दिसत हुतं.

"नाना! उतरा की! समदे हायेत हितं."

"कशाला? माझं काय काम हाय हितं?"

हे म्हनताना त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. पाळी सुटल्यावर मानूस कारखान्याच्या गेटातनं बाहेर पडतो, तसं तोंड हुतं. ते लांब म्हसोबाकडं बघत हुते. आबा वाकून कापत हुते, मधीच कंबर धरून उभे राहत हुते.

"त्यो आबा हाय का?"

"व्हय."

"त्याला म्हनावं, बुडातनं काप."

"सांगते."

"गवत?"

"आमी उचलतो, आजच्या आज. कालवडीला बी आता पेंढी लागती."

त्यांनी मान हलवली. पोरगी पुढनं म्हनली, "मावशी, दमलेत ते, निघतो आमी." जीप हलली, तवा बघितलं तर नाना काचेला डोकं टेकून झोपले सुदीक हुते.

मी परत आले. आबांनी घाम पुसत इचारलं, "कोन हुतं? नाना का? काय म्हनले?"

"बुडातनं काप म्हनले."

"आन?"

"आन झोपले."

आबा वाकले, आन बुडातनं कापाया लागले. मी माझ्या वाट्याला गेले.